मागच्या दिव्यांचे गोळे बिघडतात तेव्हा लेन्सआधी दिवा तपासा

चवथीपासून (गणेशचतुर्थीपासून) नाताळापर्यंत गोव्यात दिव्यांना तोटा नसतो. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीभोवतीच्या माळा, नरकासुराच्या रात्रीचं लायटिंग, आकाशकंदील, ८ डिसेंबरच्या पणजी फेस्ताची रोषणाई, घराघरांवरचे नाताळचे तारे. माणूस पुढे आणि दिवे मागे अशी फ्रेम जवळजवळ प्रत्येक जण घेतो, आणि तक्रारीही दरवर्षी त्याच असतात. मागचे फोकसबाहेरचे दिवे फोटोत प्रकाशाचे गोळे होऊन उमटतात, पण ते गोळे गोल येत नाहीत. अर्धे कापलेले दिसतात. आत रेघा किंवा वलयं दिसतात. एका फोटोत माळ असते, पुढच्यात गायब. किंवा गोळे इतके फिके की असून नसल्यासारखे. यावर बहुतेक जण नव्या लेन्सचा विचार करू लागतात. तो खर्च करण्याआधी दिवा बघावा, कारण यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ दिव्याच्या आकारात, त्याच्या विजेत किंवा अंतरांत सापडतं.

गोळा कशाचा असतो

फोकसबाहेरच्या बारीक दिव्याचा प्रकाश लेन्सच्या उघड्या छिद्रातून येतो आणि सेन्सरवर त्या छिद्राचाच आकार उमटवतो. छिद्र गोल तर गोळा गोल, छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांमुळे ते सातकोनी झालं तर गोळाही सातकोनी. दिवा पुरेसा बारीक असेल तोवर त्याचा स्वतःचा आकार कुठेच दिसत नाही. म्हणून पहिली दोन मापं हाताशी हवीत.

छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागिले एफ आकडा. ८५ मिमी एफ १.८ ला तो सुमारे ४७ मिमी, ५० मिमी एफ १.८ ला २८ मिमी, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सला ५५ मिमी एफ ५.६ वर जेमतेम १० मिमी.

गोळा पुढच्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी केवढा दिसेल, याचा हिशोब सोपा आहे. छिद्राचा व्यास घ्या, त्याला माणसापासून दिव्यांपर्यंतच्या अंतराने गुणा आणि कॅमेऱ्यापासून दिव्यांपर्यंतच्या अंतराने भागा. माणूस २ मीटरवर, दिवे त्याच्यामागे आणखी ४ मीटरवर, लेन्स ८५ मिमी एफ १.८: ४७ × ४ ÷ ६, म्हणजे ३१ मिमी. चेहऱ्याशेजारी ३१ मिमीचा गोळा नजरेत भरतो. त्याच जागी किट लेन्स साडेसहा मिमीचा गोळा देते, डोळ्याच्या बुबुळाच्या निम्म्याएवढा. तिथे लेन्समध्ये बिघाड काही नाही, छिद्रच लहान आहे. मांडवीच्या काठावर पणजीच्या बाजूला माणूस उभा करून पलीकडच्या तीरावरचे बेतीकडचे दिवे मागे घेतले, तर दोन अंतरांचा भागाकार जवळपास १ येतो आणि छिद्राचा पूर्ण ४७ मिमी व्यास पदरात पडतो. फोंतेन्हासच्या अरुंद गल्लीत मागची भिंत दीड मीटरवर असते, तिथे तीच लेन्स २० मिमीवर थांबते. गल्लीच्या रुंदीत न बघता लांबीच्या दिशेने बघायला लागलं की हा प्रश्न सुटतो.

कंदील गोल का होत नाही

आता दिव्याचा आकार. हा भाग सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून जरा सविस्तर.

दोन गुणाकार करून बघायचे. पहिला: दिव्याचा व्यास × कॅमेऱ्यापासून माणसाचं अंतर. दुसरा: छिद्राचा व्यास × माणसापासून दिव्याचं अंतर. पहिल्याला दुसऱ्याने भागून ०.१ पेक्षा कमी आलं, तर काठ ठसठशीत असलेला स्वच्छ गोळा मिळतो. ०.१ ते ०.५ च्या दरम्यान काठ विरघळल्यासारखा मऊ होतो. १ च्या पुढे गेलं की गोळा संपला, दिव्याचाच धूसर आकार दिसतो.

वरच्याच मांडणीत (२ मीटर, ४ मीटर, ४७ मिमी) दुसरा गुणाकार १८८ आहे. ५ मिमीच्या एलईडीचा पहिला गुणाकार १०, म्हणजे ०.०५: कडक गोळा. पणतीची ज्योत २० मिमी उंच धरली तर ०.२: मऊ काठाचा, किंचित उभट गोळा. ६० मिमीचा दुधी बल्ब ०.६ वर येतो, त्याचा गोळा ढगाळ आणि अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो. ३०० मिमीचा आकाशकंदील ३.२ वर जातो, म्हणजे कंदील कंदीलच राहतो, फक्त धूसर. नाताळचा कागदी तारा असाच. ताऱ्याचा गोळा हवाच असेल तर तो मागे न्यावा लागतो, आणि किती मागे हेही त्याच भागाकारातून कळतं: ३०० मिमीचा तारा ०.५ वर आणायला ८५ मिमी लेन्सला साधारण साडेपंचवीस मीटर हवेत. घराच्या अंगणात ते जमत नाही. रस्त्याच्या टोकाच्या घरावरचा तारा निवडला तर जमतं.

ट्यूबलाइटचं उत्तर यातच आहे. ट्यूब जाडीने लहान आणि लांबीने मोठी, त्यामुळे दोन्ही टोकांना गोल असलेला लांबट पट्टा उमटतो. रेस्टॉरंटच्या छतावरच्या उघड्या ट्यूबा मागे असतील तर कितीही महाग लेन्सने गोळे येणार नाहीत. नदीच्या पाण्यातल्या प्रतिबिंबांचंही तेच: लाटांमुळे एका दिव्याची अनेक प्रतिबिंबं उभ्या रांगेत पडतात, त्यांचे गोळे एकमेकांवर चढून उभा पट्टा होतो. पट्टा नको असेल तर कॅमेरा थोडा खाली घेऊन, माणसाच्या खांद्यांनी पाण्याचा भाग झाकून टाकावा.

आणखी एक बारीक बाब. घुमटासारख्या डोक्याची साधी ५ मिमी एलईडी प्रकाश मुख्यतः समोर फेकते. माळ भिंतीवर लावताना काही डोकी वर, काही बाजूला वळलेली असतात. डोळ्यांना ती सगळी जळताना दिसतात, फोटोत मात्र निम्मे गोळे मंद येतात. दहा मिनिटं देऊन डोकी कॅमेऱ्याकडे वळवली की फरक पडतो. डोक्यावर खाच असलेल्या किंवा दुधी टोपीच्या एलईडी सगळीकडे सारख्या दिसतात. माळ नव्याने घ्यायचीच असेल तर आमच्या मते दुधी टोपीची घ्यावी.

माळ गायब, गोळ्यांत काळे पट्टे

ही तक्रार पूर्णपणे विजेची आहे. आपल्याकडची घरगुती वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर थेट चालणारा दिवा साधारणपणे सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. स्वस्त माळांमध्ये विजेच्या प्रत्येक आवर्तनाचा एकच अर्धा भाग वापरला जातो, त्या सेकंदाला ५० वेळाच पेटतात आणि मधला निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण बंद असतात. १/२५० च्या शटरला फोटो फक्त ४ मिलिसेकंदांचा, माळ बंद असते ती किमान १० मिलिसेकंद. फोटोत माळ येणं न येणं मग नशिबावर राहतं. त्यात दोन माळांचे टू-पिन प्लग उलटसुलट बसलेले असतील तर एक पेटते तेव्हा दुसरी बंद असते, आणि फ्रेममधल्या निम्म्या गोळ्यांचा पत्ता नसतो. स्विच बंद करून एक प्लग उलटा लावला की दोन्ही एकाच वेळी पेटू लागतात. जत्रेच्या मोठ्या रोषणाईत वीज तीन फेजमधून विभागलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही. तिथे शटर हाच उपाय.

शटर १/१०० ठेवलं तर साध्या दिव्यांचं एक पूर्ण आवर्तन टिपलं जातं. स्वस्त माळेला १/५० लागतं. १/६० आणि १/१२५ हे हाताच्या सवयीचे आकडे इथे टाळावेत, ते आवर्तनाशी जुळत नाहीत. व्हिडिओला २५ फ्रेम आणि १/५०.

माळ दिसते पण गोळ्यांत आडवे काळे पट्टे आहेत, तर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का ते बघा. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. समजा पूर्ण वाचनाला १/२० सेकंद लागतो आणि गोळा फ्रेमच्या उंचीच्या नऊ टक्के आहे: म्हणजे त्या एका गोळ्याचं वाचन साडेचार मिलिसेकंद चालतं. तेवढ्यात दिवा मंदावला तर गोळ्याचा एक भाग काळा पडतो. पट्ट्यांवरून कारणही ओळखता येतं. गोळ्यात एकच रुंद, हळूहळू गडद होणारी सावली असेल तर दोष घरगुती विजेचा. तीन-चार बारीक, कडक पट्टे असतील तर दिवा डिमरवर आहे आणि डिमर त्याला सेकंदाला हजारेक वेळा चालू-बंद करतो आहे. पहिल्यावर उपाय मेकॅनिकल शटर आणि १/१००. दुसऱ्यावर उपाय डिमर पूर्ण वर नेणं. उजेड जास्त झाला तर तो एक्स्पोजरने कमी करा, डिमरने नको. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय १०० हर्ट्झच्या दिव्यांना चांगली साथ देते, डिमरच्या वेगवान लुकलुकीवर मात्र तिचा भरवसा धरू नये.

माळेला आठ नमुन्यांचा चमकणारा कंट्रोलर असेल तर बटण दाबत दाबत सलग पेटण्याच्या नमुन्यावर आणा. आणि सगळ्यांत बिनघोर मार्ग म्हणजे ५ व्होल्टची यूएसबी तांब्याच्या तारेची माळ पॉवर बँकवर चालवणं. डीसी म्हणजे सलग वाहणारी वीज, लुकलुक नाही, चवथीच्या पावसात अंगणात २३० व्होल्टची वायर ओढावी लागत नाही. माळ फारच कमी वीज घेत असेल तर काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. दोन माळा एकत्र जोडल्या की सहसा चालू राहतात.

गोळे कापलेले येतात

कसे कापले आहेत, त्यावरून कारण ठरतं.

फक्त कडेचे गोळे लिंबासारखे चपटे आणि त्यांची लांबट बाजू मधल्या बिंदूभोवती फिरल्यासारखी दिसत असेल, तर लेन्सचं नळकांडं तिरका प्रकाश अडवतं आहे. जवळजवळ सगळ्या मोठ्या छिद्राच्या (अ‍ॅपर्चरच्या) लेन्सांत पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर हे होतं. छिद्र एक ते दीड स्टॉप बंद करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), एकावर एक चढवलेले फिल्टर काढा, दुसऱ्याच लेन्सचं हूड लागलेलं नाही ना ते बघा, आणि दिवे शक्यतो मधल्या दोन तृतीयांश भागात ठेवा.

फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या भागातले गोळे सरळ रेषेत कापले जातात, कॅमेरा डीएसएलआर आहे आणि लेन्स एफ १.२ किंवा १.४ ची: कॅमेऱ्यातल्या आरशाच्या खोक्याच्या (मिरर बॉक्सच्या) कडा प्रकाश अडवतात. एफ २ ला ते बरंच कमी होतं.

दिवसा, १/१००० च्या पुढच्या शटरला, सगळ्याच गोळ्यांची एक बाजू खाल्लेली दिसते: मिररलेस म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यातला इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन. एक्स्पोजर सुरू होतं सेन्सरच्या पातळीवर आणि संपवणारा खरा पडदा असतो सेन्सरच्या थोडा पुढे. मोठ्या छिद्रातून तिरका येणारा प्रकाश त्या फटीमुळे असमान कापला जातो. मेनूतून ती सोय बंद करून पूर्ण मेकॅनिकल शटर लावलं की गोळे तत्क्षणी पुरे होतात. ही तक्रार घेऊन लेन्स दुकानात परत करणारे बरेच असतात, म्हणून हा मेनू आधी बघाच.

प्रत्येक गोळा वेगळ्या ठिकाणी, वेड्यावाकड्या आकारात कापलेला असेल, तर दिव्यापुढे काहीतरी आहे: पान, तार, माटोळीतलं लोंबतं फळ. त्या वस्तूची सावलीच गोळ्यात उमटते. माळ पानांच्या मागून पुढे काढा किंवा कॅमेरा हातभर सरकवा.

गोळे कापलेले नसून कोनांचे असतील तर पाती दिसत आहेत. कॅननच्या जुन्या ईएफ ५० मिमी एफ १.८ मार्क दोनमध्ये पाच सरळ पाती आहेत, एफ २.८ ला पंचकोन स्पष्ट दिसतो. तिच्या नंतरच्या एसटीएम आवृत्तीत सात गोलाकार पाती आहेत. जुन्या लेन्सवर एफ १.८ लाच काम करणं, किंवा दिवा मोठा घेऊन कोन मऊ करणं, हे दोनच मार्ग.

आत वलयं, ठिपके, धागे

बारीक आणि प्रखर दिवा लेन्सच्या आतलं सगळं बाहेर काढतो. साच्यात घडवलेल्या अ‍ॅस्फेरिकल (पूर्ण गोलाकार वळण नसलेल्या) काचेवर साच्याच्या घडाईच्या अतिसूक्ष्म खुणा राहतात, त्या गोळ्यात एकात एक वलयं होऊन दिसतात. दुरुस्तीने हे जात नाही. जातं ते दिवा मोठा केल्याने. ५ मिमी एलईडीवर ट्रेसिंग पेपरची किंवा बटर पेपरची १५ ते २० मिमीची छोटी टोपी बसवली की कंदिलाच्या वेळी केलेला भागाकार ०.०५ वरून ०.२ कडे सरकतो आणि वलयं एकमेकांत मिसळून जातात. उजेड एखाद-दोन स्टॉप कमी होतो, तेवढा हिशोबात धरा. टोपी फक्त थंड एलईडीवर घालायची, जुन्या फिलामेंट बल्बवर कागद घालू नये.

ठिपके कुठले ते असं ओळखावं. सगळ्या गोळ्यांत ठिपका नेमका एकाच जागी असेल तर धूळ अ‍ॅपर्चरजवळ, लेन्सच्या आत आहे. फ्रेमच्या मध्यापासून कडेकडे जाताना ठिपक्याची गोळ्यातली जागा सरकत असेल तर ती पुढच्या किंवा मागच्या काचेवर आहे आणि पुसता येते. गोळ्यांशी संबंध न ठेवता फोटोच्या एकाच कोपऱ्यात, बारीक अ‍ॅपर्चरला दिसणारा डाग सेन्सरवरचा.

मिरामारला किंवा दोना पावलाला वाऱ्याच्या दिवशी काम केलं असेल तर पुढच्या काचेवर खाऱ्या तुषारांचे वाळलेले ठिपके असतात. ते थेट कापडाने घासले तर मिठाचे कण काचेच्या लेपावर ओरखडे काढतात. अल्कोहोल असलेल्या लेन्स क्लीनरमध्येही मीठ नीट विरघळत नाही. आधी ब्लोअर, मग डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलावलेलं मायक्रोफायबर न दाबता टेकवून मीठ विरघळू द्यायचं, आणि शेवटी हवं तर क्लीनर.

गोळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती धरते, आणि साध्या फोटोत दिसायच्या आधी ती गोळ्यांत दिसते. म्हणून चवथीच्या आधी एकदा ही तपासणी करून घ्यावी. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा: ड्राय कॅबिनेट, किंवा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. चामड्याच्या मूळ पाऊचमध्ये लेन्स अजिबात ठेवू नये, ते ओल धरून ठेवतं. एसी खोलीतून थेट रात्रीच्या दमट हवेत कॅमेरा काढला तर काचेवर बाष्प धरतं आणि प्रत्येक गोळ्याभोवती प्रभा पसरते. बॅग बंद ठेवून बाहेर अर्धा तास थांबा.

फिके गोळे, जळालेले गोळे

इथे एक गोष्ट सहजी पटत नाही, पण हिशोब तसाच आहे. बारीक दिव्याच्या गोळ्याची तेजस्विता अ‍ॅपर्चर उघडल्याने वाढत नाही. छिद्र मोठं केलं की प्रकाश जास्त येतो, पण तो तेवढ्याच प्रमाणात मोठ्या गोळ्यात पसरतो. चेहरा मात्र उजळतो. म्हणून एफ ४ वरून एफ १.८ वर येऊन आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) त्या हिशोबाने उतरवलं, तर चेहरा तसाच राहतो आणि गोळे सव्वादोन स्टॉपांनी मंद होतात. मोठे पण पुसट गोळे येण्याचं हे मुख्य कारण.

अंतराचंही असंच. माणसापासून दिवे ४ मीटरवरून ८ मीटरवर नेले तर गोळा ३१ वरून ३८ मिमी होतो, म्हणजे फार वाढत नाही, पण तेज एक चतुर्थांश होतं. माणसाच्या जवळ सरकून चेहरा मोठा घेतला तरी गोळे मंदावतात. तेव्हा बारीक माळ तीन-चार मीटरपर्यंतच चांगली. त्यापुढे दिवेच प्रखर हवेत.

सुटका फ्लॅशमध्ये आहे. चेहऱ्यावर कमी ताकदीचा फ्लॅश छोट्या सॉफ्टबॉक्समधून द्या आणि चेहऱ्यावरचा बाकी उजेड कमी ठेवा. मग चेहरा फ्लॅश सांभाळतो आणि गोळे शटर सांभाळतं. १/१०० वरून १/५० केलं की गोळे एक स्टॉप उजळतात, चेहरा जवळपास तसाच राहतो. १/३० च्या खाली नदीतल्या बोटींचे दिवे लांबट होऊ लागतात. वेळ निवडता येत असेल तर सूर्यास्तानंतरची १५ ते २५ मिनिटं घ्या, आभाळ निळं असतं आणि दिवे त्यावर उठून दिसतात.

याच्या उलट, रंगीत माळेचे गोळे मधे पांढरेफटक आणि फक्त काठाला रंग, असे आले तर रंगाची एक वाहिनी भरून वाहिली आहे. निळ्या एलईडीला हे सर्वांत लवकर होतं, कारण एकत्रित हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) निळ्याचा वाटा अगदी कमी असतो आणि धोका दिसतच नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, एक ते दोन स्टॉप कमी घ्या, रॉ म्हणजे कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल ठेवा. एकदा भरून वाहिलेला रंग नंतर परत मिळत नाही.

काठाला हिरवी किंवा जांभळी किनार हा लेन्सचा रंगदोष आहे. मागच्या गोळ्यांना साधारणपणे हिरवट, पुढच्या गोळ्यांना जांभळट. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते, त्यामुळे थंड पांढऱ्या माळेत किनार जास्त टोचते. २७०० ते ३००० केल्व्हिनची उबदार माळ आणि एक स्टॉप बंद केलेलं अ‍ॅपर्चर, एवढ्याने बराच भाग निस्तरतो.

दिवसाचे गोळे

समुद्रावरची चमचम म्हणजे सूर्याची हजारो बारीक प्रतिबिंबं, म्हणून तिचे गोळे अत्यंत कडक येतात. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून ते मिळतात. पोलरायझर (परावर्तित चमक कापणारा फिल्टर) लावलेला असेल तर चमचम मरते. तो काढा किंवा फिरवून बघा. उन्हात आयएसओ १०० आणि एफ १.८ ला शटर १/८००० पर्यंत जातं. उजेड आठपट कमी करणारा एनडी ८ फिल्टर लावला की ते १/१००० वर उतरतं, कापलेल्या गोळ्यांचा धोकाही कमी होतो. माडाच्या झावळ्यांतून किंवा आंब्याच्या पानांतून येणारे गोळे गर्दी करतात, कारण फटी असंख्य असतात. झाडापासून माणसाला दूर आणा, किंवा पानांच्या मागे आभाळाऐवजी सावलीतला भाग येईल अशी जागा निवडा.

मोबाइलवर

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र जेमतेम ४ मिमीचं, म्हणून २ मीटरवरच्या माणसामागे खरे गोळे येणारच नाहीत. पोर्ट्रेट मोड ते गणिताने बनवतो, आणि मूळ फोटोत दिवा आधीच पांढरा पडलेला असेल तर त्याचं खरं तेज त्या गणिताला कळत नाही. गोळे करडे, चपटे येतात. एक्स्पोजर बोटाने खाली ओढून मग फोटो घ्या. खरे गोळे हवे असतील तर १० ते १५ सेंटीमीटरवरची वस्तू घ्या: पणती, करंजीचं ताट, समईची वात. माळ मागे दोन मीटरवर. वस्तू लहान असल्यामुळे ४ मिमीचा गोळाही तिथे भरपूर मोठा दिसतो.

लेन्सची एकदाच करायची तपासणी

१. मोबाइलच्या टॉर्चवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून सुईने १ मिमीचं भोक पाडा. मोबाइल अंधाऱ्या खोलीत ५ मीटरवर ठेवा.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल फोकस सर्वांत जवळच्या अंतरावर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, मेकॅनिकल शटर. गोळा करडा दिसेल एवढं एक्स्पोजर कमी ठेवा, पांढऱ्या गोळ्यात काहीच कळत नाही.

३. गोळा मधे, मग चारही कोपऱ्यांत ठेवून पाच फोटो. त्यानंतर एक आणि दोन स्टॉप बंद करून मधले दोन.

४. मधला गोळा कापलेला असेल तर कॅमेरा ९० अंशांत उभा करा. कापलेली बाजू कॅमेऱ्याबरोबर वळली तर कारण कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये, खोलीत जिथल्या तिथे राहिली तर समोर काहीतरी आडवं आहे.

५. फोटो शंभर टक्क्यांवर बघा. धागे दिसले तर लेन्स इतर लेन्सांपासून वेगळी ठेवून बुरशी काढणाऱ्या कारागिराकडे द्या. नुसतीच वलयं किंवा एक-दोन धुळीचे कण असतील तर लेन्स उघडायला देऊ नका, कागदी टोप्या बनवायला घ्या.